विहिरीत उतरलेले नत्र

आग्रही : भूजलातल्या नायट्रेटची पहिली अडचण ही, की ते दिसत नाही. गढूळ पाणी डोळ्यांना कळते, खारे जिभेला कळते, लोहाचे पाणी भांड्यावर तांबूस डाग ठेवून जाते. नायट्रेटला रंग, वास, चव काहीच नसते. एका तांब्यात लिटरमागे दहा मिलिग्रॅमचे पाणी असो आणि दुसऱ्यात दोनशेचे, पिणाऱ्याला फरक सांगता येणार नाही. दुसरी अडचण याहून मोठी आहे. पाणी सुरक्षित करण्याचे जे उपाय घरोघरी अंगवळणी पडले आहेत, त्यांतला एकही इथे लागू पडत नाही. फडक्याने गाळले तर नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरते. तुरटी फिरवली तर गाळ बसतो, नायट्रेट बसत नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जंतू मारते, पण नायट्रेट हा विरघळलेला क्षार आहे. उकळणे तर उलटे पडते. लिटरला ६० मिलिग्रॅम नायट्रेट असलेले चार लिटर पाणी आटून तीन लिटर उरले, की तेच प्रमाण ८० होते. भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ४५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे आणि 'दुसरा स्रोत नसेल तर चालेल' अशी जी सवलत इतर काही घटकांना आहे, ती नायट्रेटला ठेवलेली नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशातले सुमारे २० टक्के नमुने या मर्यादेबाहेर निघाले. महाराष्ट्रात जवळपास ३६ टक्के. सर्वाधिक झळ बसलेल्या पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड आणि जळगाव अशी सात नावे एकट्या महाराष्ट्राची आहेत.

साशंक : आकडे नाकारण्याचा प्रश्नच नाही, त्यांतून काय काढायचे, एवढाच प्रश्न आहे. नमुना एका विहिरीचा असतो, गावाचा नसतो. दख्खनच्या खडकात एका विहिरीला मर्यादेच्या दुप्पट नायट्रेट आणि हाकेच्या अंतरावरच्या दुसरीला निम्मेही नाही, असे सर्रास आढळते. जिल्ह्यातल्या एका विहिरीने मर्यादा ओलांडली तरी तो 'बाधित जिल्हा' होतो. म्हणून बाधित जिल्ह्यांची संख्या २०१७ मध्ये ३५९ होती आणि २०२३ मध्ये ४४० झाली, यावरून पाणी किती बिघडले ते कळत नाही; बिघाड किती ठिकाणी सापडला, एवढेच कळते.

त्याहून मूळचा प्रश्न ४५ या आकड्याचा आहे. तो आला अमेरिकेतल्या आयोवा राज्यातून. १९४५ मध्ये हंटर कॉमली या डॉक्टरने शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात पावडरीचे दूध कालवून पाजलेल्या तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. बाळे निळी पडली होती. विहिरींत नायट्रेट भरपूर होते. पुढे १९५१ मध्ये अशा २७८ बाळांची माहिती एकत्र झाली, त्यांतली ३९ दगावलेली होती, आणि आजच्या ४५ च्या आतल्या पाण्यावर वाढलेले एकही बाळ त्यांत सापडले नाही. मर्यादा तिथे बसली. पण त्या विहिरी गोठ्याशेजारच्या, उथळ, जंतूंनी भरलेल्या होत्या. आतड्याला सूज आली आणि जुलाब लागले, की शरीर स्वतःच नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि बाळ नायट्रेटवाचूनही निळे पडू शकते, अशी मांडणी १९९९ मध्ये झाली. मग दोष नायट्रेटचा की जंतूंचा? शिवाय माणसाच्या आहारातले बहुतेक नायट्रेट पाण्यातून येतच नाही, भाजीतून येते. पालक आणि बीट यांत ते पाण्याच्या कित्येक पट असते, आणि बिटाच्या रसाने रक्तदाब उतरतो असे प्रयोगांत दिसले आहे. भाजीतले औषध आणि पाण्यातले विष, हे कसे?

आग्रही : बाळाचे आधी पाहू. मोठ्या माणसाच्या जठरात आम्ल पुरेसे असते, त्यात नायट्रेटचे नायट्राइट करणारे जिवाणू फारसे वाढत नाहीत. तान्ह्याच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे जिवाणूंना मोकळे रान मिळते. नायट्राइट रक्तात गेले, की हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलते आणि मेथहिमोग्लोबिन तयार होते. त्याला प्राणवायू वाहता येत नाही. मोठ्यांच्या रक्तात ते पुन्हा मूळपदावर आणणारे विकर भरपूर असते, तान्ह्यात ते अर्धेमुर्धे असते. त्यातून वजनाच्या मानाने बाळ मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाणी पिते. म्हणजे जंतूंमुळे जुलाब आणि पाण्यातले नायट्रेट ही दोन कारणे एकमेकांना खोडत नाहीत, एकमेकांना बळ देतात. गावाकडच्या उघड्या विहिरीत दोन्ही एकत्र नांदतात. राजस्थानातल्या पाच गावांत, जिथे पाण्यात लिटरमागे २६ पासून ४५९ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट होते, रक्ततपासणी झाली तेव्हा तान्ह्यांबरोबर इतर वयांतल्या माणसांतही मेथहिमोग्लोबिन वाढलेले आढळले.

पालकाचा मुद्दा खरा आहे, पण पालकाबरोबर क जीवनसत्त्व येते. नायट्राइटपासून जठरात जी नायट्रोसो संयुगे बनतात आणि ज्यांच्यावर कर्करोगाचा संशय आहे, ती बनणे हे जीवनसत्त्व रोखते. पाण्याबरोबर असा राखणदार येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये अशी संयुगे शरीरात बनण्याजोगी स्थिती असताना पोटात जाणारे नायट्रेट 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकले आहे. डेन्मार्कमध्ये सत्तावीस लाख प्रौढांच्या नोंदी आणि त्यांच्या नळाचे पाणी यांचा मेळ घालून २०१८ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या आसपासपासूनच मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला दिसला.

साशंक : किंचित, आणि एका देशात. धूम्रपान, मांसाहार, व्यायाम हे सारे हिशेबात घेता आले नसेल तर असा किंचित फरक दुसऱ्याच कशाचा असू शकतो. त्यावरून मर्यादा ४ वर आणायची ठरवली तर देशात पिण्याजोग्या विहिरी हाताच्या बोटांवर मोजाव्या लागतील. शिवाय भारतातली आई सहा महिने अंगावर पाजते. आईने नायट्रेटचे पाणी प्यायले तरी ते दुधात फारसे उतरत नाही.

येथपर्यंतच्या वादात एक गोष्ट निथळून वर येते. ४५ हा आकडा तान्ह्या बाळाच्या रक्तासाठी आणि थोड्या दिवसांच्या धोक्यासाठी बेतलेला आहे. चाळीस वर्षे तेच पाणी पिणाऱ्या बाईच्या आतड्यासाठी तो कोणी बेतला नव्हता. म्हणून '४५ च्या आत म्हणजे निर्धोक' असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच '४६ म्हणजे विष' हेही. बाटलीच्या दुधावरच्या बाळाबाबत मात्र शंकेला जागा उरत नाही. आई आजारी, आई नाही, आई ऊसतोडीला गेलेली, अशी बाळे गावोगाव आहेत आणि त्यांचे दूध कालवायला पाणी त्याच विहिरीचे असते.

साशंक : ठीक. धोका मानला. आता गुन्हेगार कोण ते पाहू, कारण प्रत्येक लेखात, प्रत्येक भाषणात एकच बोट युरियाच्या गोणीकडे वळलेले असते. युरिया हेच कारण असेल तर वर दिलेली जिल्ह्यांची यादी उलटी असायला हवी होती. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, पूर्वहंगामीला ३४०, सुरूला २५०. कोरडवाहू कपाशीला ६० किलोच्या आसपास, सोयाबीनला ३०; त्यातून सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र बांधते. मग यादीत कोल्हापूर, सांगली, सातारा अग्रभागी का नाहीत, आणि कपाशी-सोयाबीनचा वर्धा का आहे?

आग्रही : हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर नत्र किती टाकले यात सापडत नाही. ते किती पाण्यात विरघळले, यात सापडते. आधी नत्राचा प्रवास. युरिया ओलाव्यात पडला, की जमिनीतले विकर त्याचा अमोनिया करते, मग नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करतात. अमोनियमचा भार धन, चिकणमातीच्या कणांचा ऋण. म्हणून माती अमोनियमला धरून ठेवते. नायट्रेटचा भार ऋण असतो, त्याला माती धरत नाही. मुळांनी उचलले नाही तर पुढचे पाणी त्याला घेऊन खाली जाते. भारतात दिलेल्या नत्रातले साधारण तीस ते चाळीस टक्केच पीक घेते असे मानतात. उरलेल्यातले काही हवेत उडते, काही मातीत अडकते, काही खाली उतरते.

काळी जमीन हे पाणी सावकाश मुरवते, असे पुस्तकात लिहिलेले असते. मे महिन्यात त्या जमिनीवर उभे राहिले तर वेगळेच दिसते. रान भेगाळलेले असते. भेगेत हात सहज जातो, काठी घातली तर हातभर खाली उतरते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस मातीत मुरत बसत नाही. तो भेगांच्या तोंडाशी साचलेला पालापाचोळा, शेणाची धूळ, मागच्या हंगामात वर राहिलेले क्षार असे सगळे घेऊन थेट खालच्या मुरुमात उतरतो. भेगा मिटायला काही दिवस जातात. तोवर मुळे नाहीत, पीक नाही, नायट्रेट अडवणारे कोणी नाही. म्हणून अनेक विहिरींत पावसाळ्यानंतर नायट्रेट कमी होण्याऐवजी चढलेले सापडते.

आता विदर्भाच्या पठारावरचा थर पाहा. खाली काळा कातळ, वर थोडासा मांजऱ्या आणि मुरूम. विहिरीचे सगळे पाणी या झिजलेल्या, पातळ थरात. साठा लहान, म्हणून थोडे नायट्रेटही त्यात दाट होते. पश्चिमेकडच्या उसाच्या पट्ट्यात नदीचे, कालव्याचे पाणी शेतात येते, सतत मुरते, भूजल पातळ करते. सह्याद्रीकडून पाऊसही दांडगा मिळतो. तिथे नत्र पोचतच नाही असे कोणी समजू नये. ते पुष्कळ पाण्यात विखुरते आणि बरेचसे ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते.

एका गोणीचा हिशेब मांडला तर हे स्पष्ट होते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. त्याचे सगळ्याचे नायट्रेट झाले तर साधारण ९२ किलो. लिटरला ४५ मिलिग्रॅम या मर्यादेने भागले, तर एक गोण शुद्ध पाण्याचे वीस लाख लिटर मर्यादेपर्यंत आणू शकते. म्हणजे दहा हजार लिटरचे दोनशे टँकर. गोणीतला दहावा हिस्साच खाली उतरला असे धरा. तरी वीस टँकर.

साशंक : हाच हिशेब गावठाणाला लावून पाहावा. एका माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण तीन ते चार किलो नत्र बाहेर पडते. हजार वस्तीचे गाव धरले आणि माणशी तीन किलोच घेतले तरी वर्षाला तीन हजार किलो, म्हणजे युरियाच्या १४५ गोण्या. गावठाण दहा हेक्टरांचे असेल तर हेक्टरी ३०० किलो. नत्राच्या हिशेबाने गावठाण म्हणजे उसाचा फड झाला, आणि या फडात नत्र उचलणारे पीक नाही. जनावरे यात धरलेलीच नाहीत. गाई-म्हशीचे नत्र माणसाच्या कित्येक पट. गोठ्यातले मूत्र मातीत जिरते, उकिरडा पावसाळाभर भिजतो, सांडपाणी नालीतून गावाच्या उताराला जाते आणि बहुधा तिथेच, पाणी लागते म्हणून, विहीर खोदलेली असते.

त्यात गेल्या दहा-बारा वर्षांत एक बदल झाला. उघड्यावरचा मैला रानात पसरत होता. आता घराघरात शौचालय आहे आणि खाली शोषखड्डा. शौचालय हवेच, त्याबद्दल दुमत नाही. रोगराई त्याने हटते आणि बाईमाणसाची कुचंबणा थांबते. पण नत्राच्या दृष्टीने पाहिले तर विखुरलेले एका जागी आले आणि वरचे खाली गेले. मुरुमात आठ फूट खड्डा खणला, की तो निम्म्या वाटेवर विहिरीच्या पाण्याला भेटायलाच निघालेला असतो. निरीक्षणाच्या विहिरीही बहुतेक गावालगतच्या. मग त्या विहिरीत सापडलेले नायट्रेट शेतातले आहे, हे कोणी आणि कसे ठरवले?

आग्रही : ठरवण्याच्या वाटा आहेत. नत्राचे दोन स्थिर समस्थानिक असतात, हलके आणि जड. कारखान्यातला युरिया हवेतल्या नत्रापासून बनतो, म्हणून त्यात जड नत्राचे प्रमाण हवेइतकेच असते. शेण-मूत्रातून हलके नत्र अमोनिया होऊन उडून जाते आणि मागे जड नत्र तुलनेने जास्त राहते. पाण्यातल्या नायट्रेटमधले हे प्रमाण मोजले तर उगमाचा माग लागतो. ही तपासणी महाग आहे, मोजक्याच प्रयोगशाळांत होते, आणि मातीतल्या जुन्या सेंद्रिय द्रव्यातून सुटलेले नत्र या दोहोंच्या मधे येऊन गोंधळ घालते. पण सोप्या खुणाही आहेत. माणसाच्या मूत्रात मीठ असते, म्हणून नायट्रेटबरोबर क्लोराइड चढलेले असेल आणि मैल्यातले कोलिफॉर्म जिवाणू सापडत असतील तर बोट गावठाणाकडे वळते. नायट्रेट जास्त, क्लोराइड बेताचे आणि विहीर शिवारात एकटी, तर शेताकडे. एकाच गावच्या दोन विहिरींची उत्तरे वेगळी निघतील. पिण्याची विहीर गावठाणाने बिघडलेली आणि मळ्यातली विहीर युरियाने, असे चित्र बहुतेक ठिकाणी दिसेल.

हे कबूल करणे आग्रही पक्षाला सोपे नसते आणि म्हणून ते फारसे केले जात नाही. युरियाविरुद्ध बोलणाऱ्याला शौचालयाविरुद्ध बोलल्यासारखे वाटते, आणि स्वच्छतेचे काम करणाऱ्याला खताचा विषय आपला वाटत नाही. कृषी खाते खताचे पाहते, ग्रामपंचायत शौचालयाचे, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा विहिरीचे. नत्र मात्र एकच आहे आणि ते खाते पाहून वाट बदलत नाही.

साशंक : मग जबाबदार कोणाला धरणार? रासायनिक प्रदूषणाचे दुसरे प्रकरण शेजारी ठेवून पाहू. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८८-८९ च्या सुमाराला रंगउद्योगासाठी लागणारे एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांचा गाळ उघड्यावर टाकला गेला, पावसाने तो जमिनीत उतरला आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. लोकांना पाणी बिघडलेले दिसत होते, कारखाना दिसत होता, मालक ठाऊक होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व लावले. तरी भरपाई वसूल करता करता पुढची पंधरा वर्षे कोर्टात गेली. नायट्रेटच्या बाबतीत पाणी निर्मळ दिसते, गोण टाकणारे शेकडो, शोषखड्डे शेकडो, आणि पाणी पिणारे तेच. कोणाकडून भरपाई घ्यायची? दोषी आणि पीडित एकाच घरात राहतात.

आणि शेतकऱ्याला युरिया कमी टाका म्हणण्याआधी सरकारने काय केले ते पाहावे. २०१० मध्ये अनुदान पोषणद्रव्यांशी जोडले गेले, पण युरिया त्यातून वगळला. आज ४५ किलोची युरियाची गोण २६६ रुपये ५० पैशांना मिळते आणि ५० किलो डीएपी खताला १३५० रुपये मोजावे लागतात. पीक पिवळे पडले, की हातात आहे तेच टाकले जाणार. यात शेतकऱ्याचे अज्ञान कुठे आहे? त्याने किमतीचा सांगावा अचूक वाचला आहे.

आग्रही : म्हणूनच शेतकऱ्याला दोष देऊन भागत नाही, नत्र वाया जाते तेव्हा पैसा त्याचाच जातो. २०१५ पासून सगळा युरिया निंबोळीच्या तेलाचा लेप लावून येतो, त्याने नायट्रेट बनण्याचा वेग थोडा मंदावतो. त्याहून मोठा फरक वेळेने पडतो. एकदम फोकून दिलेले नत्र आणि तेच तीन हप्त्यांत, वाफशावर, मुळाशी झाकून दिलेले नत्र, यांत खाली जाणारा हिस्सा वेगळा असतो. ठिबकातून दिले तर आणखी कमी. पेरणीबरोबर युरिया टाकून पुढच्या चार दिवसांत धो धो पाऊस झाला तर ते खत पिकाचे राहत नाही.

पण ज्याकडे जवळजवळ कोणाचे लक्ष जात नाही अशी एक गोष्ट विहिरीतच आहे. पाण्यात लिटरमागे १०० मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यात सुमारे २२.६ मिलिग्रॅम नत्र असते. हेक्टरभर रानाला पाच सेंटिमीटर पाणी दिले, म्हणजे पाच लाख लिटर. त्याबरोबर ११ किलोंहून जास्त नत्र शेतात गेले. रब्बीत चार पाळ्या दिल्या तर ४५ किलो, दोन गोण्यांहून जास्त. गव्हाला, हरभऱ्याला हे पाणी देणारा शेतकरी वरून पुन्हा युरिया टाकतो, कारण मृदा आरोग्य पत्रिकेत माती मोजलेली असते, विहीर मोजलेली नसते. विहिरीतले नत्र खतात धरून गोण कमी केली तर खर्च वाचेल आणि विहीरही हळूहळू हलकी होईल. डेन्मार्कने १९८५ पासून एकामागून एक योजना आणल्या, प्रत्येक शेताला नत्राचा हिशेब ठेवणे भाग पाडले. नंतर तिथल्या भूजलाचे वय मोजून पाहिले तेव्हा अलीकडच्या वर्षांत मुरलेल्या पाण्यात नायट्रेट उतरताना दिसले.

साशंक : डेन्मार्कच्या शेतकऱ्याला हिशेब ठेवायला सल्लागार होता आणि तोटा झाला तर सावरणारे अनुदान होते. दोन एकरवाल्याला पाच क्विंटल कमी पिकले तर मुलीची फी राहते. पुन्हा उतार यायला तिथे वर्षानुवर्षे लागली. इंग्लंडच्या खडूच्या खडकात गेल्या शतकातले नायट्रेट अजून खाली सरकते आहे. आज खत थांबवले तरी मातीत साठलेले नत्र सुटत राहील. तोवर तहान थांबत नाही. म्हणून लोकांनी आपला मार्ग शोधला आहे : गावात आरओचा प्लांट बसतो, नाणे टाकले की वीस लिटरचा जार भरतो. त्याने पाण्यातले बहुतांश नायट्रेट निघते. हा उपाय कोणाला कितीही खटकला तरी आज, या क्षणी तो काम करतो.

आग्रही : ज्याच्याकडे रोज नाणे आहे त्याच्यासाठी करतो. ज्याच्याकडे नाही त्याची घागर विहिरीवरच भरते. आणि यंत्राने बाजूला काढलेले नायट्रेट नाहीसे होत नाही. ते टाकाऊ पाण्यात दाट होऊन मागच्या नालीत सोडले जाते आणि त्याच मुरुमात उतरते. शिवाय एकदा जार आला, की विहिरीची काळजी सुटते. नायट्रेट खाली पोचले याचा अर्थ वरचे पाणी खाली जायची वाट उघडी आहे; त्या वाटेने कीटकनाशके आणि मैल्याचे जंतूही येऊ शकतात. शिवाय नायट्रेट स्वतः खडकातल्या युरेनियमला विरघळायला मदत करते, असे अमेरिकेतल्या मोठ्या जलधरांच्या अभ्यासात २०१५ मध्ये दिसले आहे. म्हणून ते मोजणे म्हणजे एका क्षाराची मोजणी नव्हे.

मोजणे आता अवघड राहिलेले नाही. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायांना तपासणी संचाचे प्रशिक्षण द्यायचे आहे. काचेच्या नळीत खुणेपर्यंत पाणी घ्यायचे, पुडीतली पूड टाकून हलवायचे, काही मिनिटे ठेवायचे. नायट्रेट असेल तर पाणी गुलाबी होते; जितके जास्त तितके गडद. नळी रंगपट्टीशेजारी धरून आकडा वाचायचा. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आधीपासूनच पाण्याचे नमुने प्रयोगशाळेला पाठवतो आणि स्रोताच्या परिसराची पाहणी होऊन लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळते. पण कार्डाचा रंग मुख्यतः जंतूंच्या धोक्यावर आणि टीसीएलच्या साठ्यावर ठरतो. हिरव्या कार्डाच्या विहिरीत नायट्रेट शंभर असू शकते. कार्डाशेजारी नायट्रेटचा आकडा विहिरीवरच रंगवून लिहावा, पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा. इतके तरी करावे.

साशंक : लिहावा, त्यात वाद नाही. पण आकडा लिहिल्यावर सरपंचाने काय करायचे? नळी गडद गुलाबी निघाली, विहीर गावठाणाची, दुसरी नाही. तो अधिक खोल बोअर घेतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड सापडते. मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, वय वाढले की हाडे वाकतात. वर नायट्रेट, खाली फ्लोराइड. एक माणसाच्या हातून आलेले, दुसरे खडकातून. पिणाऱ्याला दोन्ही सारखेच. धरणावरून नळयोजना आली तर दोन्ही सुटतात, पण तिचे वीजबिल थकले, की महिनामहिना नळ कोरडे राहतात आणि लोक त्याच विहिरीवर येतात.

आग्रही : म्हणून विहीर बंद करू नये. बंद केलेल्या विहिरीत कचरा पडतो, मेलेले जनावर पडते, आणि तिचा खालचा झरा शेजारच्या विहिरींशी जोडलेलाच असतो. बाळाच्या दुधाचे आणि गरोदर बाईचे पाणी गावाने स्वतंत्र आणून द्यावे, गोठे आणि शोषखड्डे विहिरीच्या उताराला हलवावेत, उकिरड्याला पक्का तळ करावा, वरचे रान असेल त्याने दोन हंगाम नत्राचा हिशेब ठेवावा, आणि विहीर उपसून तिचे पाणी पिकाला द्यावे. मुरुमाचा थर पातळ असल्याने तिथले पाणी खडूच्या खडकासारखे अडकून पडत नाही. दर पावसाळ्यात बरेचसे नवे होते. बिघडले लवकर, तर सुधारण्याची संधीही लवकर आहे.

साशंक : आणि शोषखड्डा हलवायला ज्याच्याकडे विहिरीच्या उताराला जागाच नाही, एवढेच घर आणि एवढेच अंगण आहे, त्याचे काय? गावच्या विहिरीसाठी त्याने आपले शौचालय मोडायचे, की त्याच्या शौचालयासाठी गावाने आपली विहीर सोडायची, हे गुलाबी नळी सांगत नाही.

आग्रही : नळी ते सांगत नाही. ते ग्रामसभेतच ठरेल. पण त्या सभेत हिशेब मांडताना त्या एका घराच्या मलमूत्रातले समजा पंधरा किलो नत्र आणि वरच्या रानात टाकलेले समजा दीडशे किलो, हे दोन्ही आकडे फळ्यावर लिहिलेले असावेत.